साइटवर प्लॅनिंगची इंटर्नशिप: पहिल्यांदा जाणाऱ्या सिव्हिलच्या विद्यार्थ्यांसाठी

शेवटच्या सेमिस्टरला, जानेवारी ते जून, मी पुण्याजवळ रावेतला एका बावीस मजली निवासी इमारतीच्या साइटवर प्रोजेक्ट मॅनेजमेंटची इंटर्नशिप केली. विभागाचं नाव प्लॅनिंग. मी बार्शीची, घरात कुणी इंजिनीअर नाही, आणि कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंट हा विषय चांगल्या मार्कांनी पास झाले होते. तरी पहिले तीन आठवडे मला नेमकं काय करायचं आहे तेच कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आमच्या प्लॅनिंगच्या मॅडमनी विचारलं, "अकराव्या मजल्याचा स्लॅब कधी होतोय?" मी वेळापत्रक उघडून तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. वर जाऊन बघून ये, मग सांग."

त्यांच्या त्या वाक्यात पुढच्या सहा महिन्यांचं काम आलं होतं, पण ते मला फार उशिरा समजलं. तुम्हाला लवकर समजावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी इमारतीच्या बांधकामाबद्दलच लिहीन. आयटीतली किंवा कारखान्यातली प्रोजेक्ट मॅनेजमेंट वेगळी असते आणि ती मी केलेली नाही.

१. आधी हे ठरवा: कोणाच्या बाजूने काम करणार?

मोठ्या साइटवर बहुतेक वेळा तीन पक्ष असतात. बिल्डर, म्हणजे काम करून घेणारा. कंत्राटदार, म्हणजे काम करणारा. आणि पीएमसी, म्हणजे बिल्डरच्या वतीने वेळ, खर्च आणि दर्जा यांवर लक्ष ठेवणारी सल्लागार कंपनी. तिघांकडेही "प्लॅनिंग इंटर्न" असतात, पण त्यांची कामं एकसारखी नसतात.

कंत्राटदाराकडे गेलात तर माणसं, माल, शटरिंगचे (काँक्रीट ओतायच्या साच्यांचे) संच आणि क्रेन यांची रोजची जुळवाजुळव बघायला मिळते. शिकायला खूप, पण दिवस लांब. पीएमसीकडे अहवाल, मिटिंग आणि तपासणी जास्त. सगळ्या पक्षांशी संबंध येतो. बिल्डरकडे मंजुऱ्या, विक्री, बँका यांच्याशी वेळापत्रक कसं बांधलेलं असतं ते दिसतं, पण ऑफिसातच अडकून पडायचा धोका असतो.

मी पीएमसीकडे होते. पर्याय असेल तर पहिल्या इंटर्नशिपला कंत्राटदाराकडे जा, असं माझं आजचं मत आहे. काम कशामुळे अडतं हे तिथे सर्वांत जवळून दिसतं. मुलाखतीत "माझं बसायचं ठिकाण साइटवर की हेड ऑफिसला?" हे नक्की विचारा. हेड ऑफिस म्हणाले तर आठवड्यातले निदान तीन दिवस साइटवर द्याल का, असं विचारायला लाजू नका.

२. जागा शोधणं

कॉलेजचा टीपीओ (प्लेसमेंट अधिकारी), सीनियर, आणि एआयसीटीईचं इंटर्नशिप पोर्टल हे नेहमीचे मार्ग. मला उपयोगी पडला तो चौथा. बांधकामाच्या फाटकाबाहेर मोठा फलक असतो. त्यावर बिल्डर, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणि बहुतेकदा कंत्राटदार व पीएमसीचंही नाव असतं, शिवाय महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. दोन दिवस मी रावेत, पुनावळे, ताथवडे भागात फिरून असे फलक वहीत उतरवून घेतले आणि त्या कंपन्यांना थेट मेल केले.

महारेराचा क्रमांक मिळाला की अर्ध्या तासाचा अभ्यास जरूर करा. रेराचा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून आहे. बिल्डरला प्रकल्पाची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर द्यावी लागते आणि दर तिमाहीला प्रगती कळवावी लागते. काम पूर्ण करण्याची जाहीर केलेली तारीख, मंजूर मजले, मुदतवाढ घेतली असेल तर तीही तिथे दिसते. मुलाखतीत "तुमची पूर्णत्वाची तारीख मी पाहिली, त्या हिशेबाने आत्ता कोणत्या मजल्यावर काम असायला हवं?" एवढं मी विचारलं आणि पुढची सगळी मुलाखत त्याच विषयावर झाली.

या टप्प्यावर तीन ठिकाणी फसगत होते:

- पैसे मागणाऱ्या इंटर्नशिपा. "प्रशिक्षण शुल्क", "सर्टिफिकेटची फी", "सॉफ्टवेअर किट" अशी नावं असतात. काम शिकायला जाताना तुम्ही पैसे भरायचे नसतात. सरळ नाही म्हणा.
- "पीएम इंटर्नशिप" असं शोधलंत की २०२४ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना समोर येते. ती वेगळी आहे, तिचा प्रोजेक्ट मॅनेजमेंटशी संबंध नाही आणि पात्रतेच्या अटीही वेगळ्या आहेत. माझ्या वर्गातल्या दोघांनी नीट न वाचता तिथे आठवडा घालवला.
- अप्रेंटिसशिप आणि इंटर्नशिप यांतला फरक. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली करार करून होते. कॉलेजच्या क्रेडिटसाठी तुम्हाला हवी असेल ती इंटर्नशिप. ऑफर लेटरवर कोणता शब्द आहे ते बघा.

मानधनाचा विषय मोकळेपणाने काढा. मला महिना आठ हजार मिळत होते आणि कॉटबेसिसवर राहायला साडेचार हजार जात होते. जेवण-प्रवास धरून घरून पैसे मागवावे लागले. निघण्याआधी हा हिशेब घरच्यांसमोर मांडलेला बरा.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं:

- कॉलेजचं विनंतीपत्र, बोनाफाइड आणि ना-हरकत पत्र (कालावधीच्या तारखांसह)
- कंपनीचं ऑफर लेटर, त्यात विभाग आणि मार्गदर्शकाचं पद लिहिलेलं
- आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत, पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. उंचीवर जायचं असल्याने बऱ्याच साइट मागतात
- अपघात विम्याचा पुरावा. बऱ्याच कॉलेजांची विद्यार्थ्यांसाठी सामूहिक पॉलिसी असते. तिची प्रत ऑफिसातून मागून घ्या. हे कुणी आपणहून देत नाही.

सामान: सेफ्टी शूज, पाच मीटरचा टेप, खिशात मावणारी जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेन, पाण्याची बाटली. हेल्मेट आणि जॅकेट कंपनी देते, शूज मात्र मापाचे मिळतीलच असं नाही, म्हणून स्वतःचे घ्या आणि आठ दिवस आधीपासून घालून फिरा. नवे शूज घालून पहिल्याच दिवशी अकरा मजले चढलात तर टाचा सोलतात.

मुलींसाठी एक सांगते. ऑफर स्वीकारण्याआधी साइट ऑफिसला महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का आणि संध्याकाळी किती वाजता निघता येईल, हे दोन प्रश्न विचाराच. मी पहिला प्रश्न विचारला नाही. मग पहिले दोन महिने पाणी कमी पिऊन दिवस काढले आणि मार्चच्या उन्हात आजारी पडले. शेवटी मॅडमकडे बोलले, तर त्यांनी आठवड्यात सोय करून घेतली.

४. सॉफ्टवेअरच्या आधी कागदावर कामांचं जाळं मांडा

एमएस प्रोजेक्ट आणि प्रायमाव्हेरा ही वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरची दोन नावं सगळीकडे ऐकू येतील. त्यांचा क्लास लावायच्या आधी एका मजल्याचं काम कागदावर मांडून बघा. क्रिटिकल पाथची, म्हणजे जराही उशीर न चालणाऱ्या कामांची साखळी शोधायची, पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी निघाली आणि आज ती सॉफ्टवेअर एका क्षणात करून देतं. पण हाताने केली नसेल तर स्क्रीनवरची लाल रेघ काय सांगते ते कळत नाही.

आमच्या साइटच्या धर्तीवर सोपं उदाहरण घेऊ. कॉलमची सळई २ दिवस, कॉलमचं शटरिंग २, कॉलमचं काँक्रीट १, स्लॅबचं शटरिंग ४, खालची सळई २, विजेचे पाइप १, वरची सळई १, तपासणी आणि काँक्रीट १. एकामागून एक धरले तर १४ दिवस. (प्रत्यक्षात काही कामं एकमेकांवर चढवता येतात, पण आधी सरळ हिशेब शिका.) विजेचे पाइप खालच्या आणि वरच्या सळईच्या मधे जातात, हा क्रम लक्षात ठेवा. पाइपवाला आला नाही तर फिटर वरची सळई बांधू शकत नाही.

आता समजा पाइप मागवल्यापासून साइटवर यायला १० दिवस लागतात. पाइपांचं काम सुरू होतं बाराव्या दिवशी. पहिल्या दिवशी ऑर्डर दिली तर माल दहाव्या दिवसाच्या शेवटी हातात, म्हणजे फक्त एक दिवसाची सवड. ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली की अख्खा स्लॅब एक दिवस पुढे. या सवडीला फ्लोट म्हणतात, आणि सवड शून्य असलेल्या कामांची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. चार हजारांचे पाइप लाखोंचा स्लॅब कसा अडवतात ते इथे दिसतं.

आणखी एक गोष्ट पुस्तकातून थेट साइटवर येते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार साधारण परिस्थितीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात. तुळयांना सहा मीटरपर्यंत १४ आणि त्याहून मोठ्या गाळ्याला २१ दिवस. म्हणजे वरच्या मजल्यावर काम सुरू करायचं असताना खालचे टेकू अजून अडकलेले असतात. शटरिंगचे आणि टेकूंचे किती संच साइटवर आहेत यावर मजल्यांचा वेग ठरतो. पहिल्या आठवड्यातच हा आकडा विचारून घ्या.

५. कॅलेंडर तपासा

ही चूक मी केली, म्हणून वेगळी लिहिते. एमएस प्रोजेक्टचं मूळचं कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, दिवसाला आठ तास असं असतं. आमची साइट रविवारीही अर्धा दिवस चालायची. मी एका भागाचं नवं वेळापत्रक बनवलं आणि कॅलेंडर बदललंच नाही. १४ दिवसांचा स्लॅब कागदावर जवळपास वीस दिवसांवर गेला. मिटिंगमध्ये कंत्राटदाराच्या इंजिनीअरने एका नजरेत ते ओळखलं, आणि त्यानंतर माझ्या कुठल्याही आकड्यावर विश्वास बसायला त्याला महिना लागला.

कॅलेंडरमध्ये आणखी काय घालायचं तेही ऐका. आमच्याकडचे बहुतेक कारपेंटर आणि फिटर बिहार, झारखंड आणि पश्चिम बंगालचे होते. होळीला निम्मी माणसं गावी गेली आणि सगळी परत यायला तीन आठवडे लागले. छठपूजेला, लग्नसराईत, निवडणुकीच्या वेळी हेच होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुण्यात पाऊस धरायचा, त्याआधी जमिनीखालची आणि उघड्यावरची कामं संपवायची. काँक्रीटच्या गाड्यांचाही विचार लागतो. गर्दीच्या वेळी जड वाहनांना बऱ्याच रस्त्यांवर बंदी असते. आमच्या स्लॅबला तुळयांसकट साधारण १३२ घनमीटर काँक्रीट लागायचं, म्हणजे सहा घनमीटरच्या २२ गाड्या. त्या कोणत्या वेळेत येऊ शकतात ते ठरवल्याशिवाय "सकाळी दहाला स्लॅब सुरू" असं लिहायला अर्थ नाही.

६. पहिला आठवडा

सेफ्टी इंडक्शन झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, कुणी "चला पटकन एक चक्कर मारू" म्हणालं तरीही. सकाळी कामाआधी दहा मिनिटं कामगारांना धोके समजावून सांगतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. तिथे रोज उभ्या राहा/उभे राहा. त्या दिवशी कोण कुठे काम करणार आहे हे सगळं तिथे फुकट कळतं.

मग हे करा. इमारतीच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा छोट्या आकारात छापून वहीत चिकटवा. नकाशावर "बांधकामासाठी मंजूर" हा शिक्का आणि सुधारणेचा क्रमांक, म्हणजे आर१, आर२, बघायची सवय लावून घ्या. शिक्का नसलेल्या नकाशावरून काहीही मोजू नका.

काही शब्द लगेच कानावर पडतील. डीपीआर म्हणजे रोजचा प्रगती अहवाल. आरए बिल म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलं जाणारं बिल. पोअर कार्ड म्हणजे काँक्रीट टाकण्याआधी सगळ्यांनी तपासून सही करायचा कागद. एनसीआर म्हणजे काम ठरल्याप्रमाणे झालं नाही याची लेखी नोंद. आरएफआय या शब्दाने मात्र सावध राहा: काही साइटवर तो तपासणीला बोलावण्याचा अर्ज असतो, तर काही ठिकाणी नकाशातली शंका विचारण्याचा. तुमच्या साइटवर कोणता अर्थ आहे ते विचारून घ्या.

आणि माणसांची नावं लिहून ठेवा. कारपेंटरचे मुकादम, फिटरचे मुकादम, स्टोअर सांभाळणारे, गेटवरचे. आमच्याकडे कारपेंटरच्या मुकादमांना मी काका म्हणायचे. बोलणं हिंदीत व्हायचं. स्टोअरचे भाऊ नगरचे होते. कोणता माल खरंच आलाय आणि कोणता नुसता चलानावर आहे, हे साऱ्या साइटवर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसायचं.

७. रोजचा अहवाल: इंटर्नशिपचा गाभा

नव्या माणसाला हमखास हेच काम मिळतं, आणि बहुतेक जण ते कारकुनी समजून उरकतात. मीही सुरुवातीला तेच केलं.

बाराव्या मजल्याच्या स्लॅबचं शटरिंग चालू होतं. रोज संध्याकाळी मी साइट इंजिनीअरला फोन करायचे, तो म्हणायचा "नव्वद टक्के पकड", मी नव्वद लिहायचे. सलग चार दिवस अहवालात ९० टक्के गेलं. पाचव्या दिवशी मॅडमनी विचारलं, "उरलेले दहा टक्के कुठे आहेत?" मी वर गेले. सगळं शटरिंग झालेलं होतं, फक्त चार बाथरूमच्या जागा मोकळ्या होत्या. स्लॅब तिथे खाली घ्यायचा असतो. बाथरूमची जागा बदलणार, नवा नकाशा येतोय, तोवर हात लावू नका, असा निरोप काकांना चार दिवसांपूर्वीच आला होता. काम हळू चाललं नव्हतं, ते थांबलं होतं. नवा नकाशा आर्किटेक्टकडे पडून होता आणि त्यांना तो मागायचा कुणी फोनही केला नव्हता, कारण कुठल्याच कागदावर "थांबलंय" असं लिहिलेलं नव्हतं. तो कागद लिहायचं काम माझं होतं. त्याच दुपारी मॅडमनी फोन केला, नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

त्या दिवसापासून मी अहवाल असा लिहू लागले, तुम्हीही लिहा:

- टक्के कधीही तोंडी घेऊ नका. मोजा. शटरिंग चौरस मीटरमध्ये, सळई टनांत, काँक्रीट घनमीटरमध्ये, ब्लॉकचं काम चौरस मीटरमध्ये. आमचा मजला ६४० चौरस मीटरचा; ५७६ झालं तर ९० टक्के, आणि उरलेलं ६४ कुठलं आहे ते नकाशावर रंगवायचं.
- प्रत्येक चालू कामापुढे चार रकाने: थांबलंय का? कशामुळे? कोणाकडे अडलंय? कधीपासून?
- माणसांची संख्या गेटच्या हजेरीवरून आणि मजल्यावर मोजून, दोन्ही लिहा. फरक आला तर विचारा.
- पाऊस, वीज जाणं, क्रेन बंद पडणं, गाडी अडकणं हे वेळेसकट लिहा. "दुपारी पाऊस" असं नको, "३.१० ते ४.४०" असं हवं.
- फोटो रोज त्याच चार जागांवरून, त्याच दिशेने काढा. महिन्याने ते शेजारी शेजारी लावले की प्रगती आपोआप दिसते.

तारखांबद्दल एवढी काटेकोर का, तर पुढे कंत्राटदार मुदतवाढ मागतो किंवा बिल्डर उशिराबद्दल पैसे कापायला निघतो, तेव्हा दोन्ही बाजू हेच रोजचे अहवाल काढून बसतात. एप्रिलमध्ये अशी एक बैठक मी पाहिली. माझ्या अक्षरातल्या नोंदीवर दोन वरिष्ठ माणसं एक तास बोलत होती. ती नोंद बाराव्या मजल्याच्या त्या पहिल्या चार दिवसांची असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो.

८. वेळापत्रक अपडेट करणं

आठवड्याला एकदा हे काम येईल. क्रम असा: आधी अपडेटची तारीख ठरवा. मग प्रत्येक कामाची खरी सुरुवात, खरा शेवट, आणि चालू कामाला अजून किती दिवस लागतील ते भरा. "किती टक्के झालं"पेक्षा "अजून किती दिवस?" हा प्रश्न विचारा, आणि तोही काम करणाऱ्या मुकादमांना. त्यांचा अंदाज इंजिनीअरपेक्षा बऱ्याचदा बरोबर निघतो.

मंजूर झालेलं मूळ वेळापत्रक, ज्याला बेसलाइन म्हणतात, त्याला हात लावू नका. उशीर दिसू नये म्हणून तारखा सरकवून द्या असं कुणी सांगेल. मला सांगितलं होतं. मी मॅडमना विचारून कळवते एवढंच म्हणाले आणि फाइल तशीच ठेवली. इंटर्नने तिथे वाद घालायची गरज नाही, पण बदल लेखी आल्याशिवाय करायचा नाही.

मोठ्या वेळापत्रकात हजारभर ओळी असतात. साइटवर ते कुणी वाचत नाही. साइट चालते पुढच्या तीन आठवड्यांच्या तक्त्यावर. एका पानावर मावणारा हा तक्ता तुम्ही बनवायला मागा. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: हे सुरू करायला काय काय हातात हवं? नकाशा, माल, माणसं, आधीचं काम पूर्ण, तपासणी. जे हातात नाही ते लाल. मी तो ए३ कागदावर छापून मराठी-हिंदीत साइट ऑफिसच्या दारावर लावायला लागले, आणि मुकादम स्वतः येऊन "मॅडम, ये गलत है, माल कल आ गया" असं सांगून दुरुस्त करू लागले. सहा महिन्यांत मला सर्वांत जास्त आनंद त्या कागदाने दिला.

९. मिटिंगचं टिपण

लिहायचं काम तुमच्याकडे येणारच. कोण काय बोललं ते सगळं उतरवू नका. तीनच गोष्टी: काय करायचं, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत. "लवकरात लवकर" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा, "सर, कोणती तारीख लिहू?" पहिल्यांदा भीती वाटते, नंतर सगळे तुमच्याकडे बघून आपणहून तारीख सांगू लागतात. टिपण त्याच दिवशी पाठवा.

१०. सही आणि जीव, दोन्ही जपा

पोअर कार्ड, मोजमापाची वही, तपासणीचा कागद यांवर इंटर्नने सही करायची नसते. "सर गावाला गेलेत, तू कर" असं काँक्रीटची गाडी दारात उभी असताना सांगतात. तेव्हाही नाही. सळई मोजायला मदत करा, यादी भरा, पण सही अधिकार असलेल्याचीच.

क्रेनने माल वर जात असेल तर त्याच्याखालून जाऊ नका. लिफ्टच्या डक्टजवळ आणि कडेला एकट्याने फोटो काढायला जाऊ नका. कठडा नसेल तर त्या मजल्याचा अहवाल दुसऱ्या दिवशी गेला तरी चालेल.

११. कॉलेजचा अहवाल आणि सर्टिफिकेट

रोजच्या वहीतून दर शनिवारी अर्धं पान कॉलेजच्या लॉगबुकात उतरवा आणि मार्गदर्शकांची सही त्याच आठवड्यात घ्या. शेवटी सव्वीस सह्या एकदम मागायला गेलात तर कुणालाच वेळ नसतो.

अहवालात साइटचे फोटो, दर, नकाशे घालण्याआधी लेखी परवानगी घ्या. मला दरांचे आकडे काढायला लावले. त्याऐवजी मी बाराव्या ते सोळाव्या मजल्यापर्यंत प्रत्येक स्लॅबला किती दिवस लागले आणि कुठल्या कारणाने किती गेले याचा तक्ता दिला. परीक्षकांनी सगळे प्रश्न त्या एका तक्त्यावर विचारले. कंपनीबद्दलच्या दहा पानी माहितीपेक्षा असा एक तक्ता करा. त्यासाठी नोंदी पहिल्या दिवसापासून लागतात.

पुढे या क्षेत्रात राहायचं असेल तर पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) या संस्थेची कॅपम ही परीक्षा अनुभव नसतानाही देता येते. बारावी आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं २३ तासांचं शिक्षण एवढी अट आहे. नोकरीला लागण्याआधी ती द्यावीच असं मला वाटत नाही. एक्सेल पक्कं करा, त्याचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो.

सर्टिफिकेटचा मसुदा शेवटच्या दिवसाच्या पंधरा दिवस आधी मागून वाचा. नाव, कॉलेज, दोन्ही तारखा आणि विभाग तपासा. माझ्या सर्टिफिकेटवर "प्लॅनिंग" ऐवजी "साइट ट्रेनिंग" असं छापून आलं होतं. तोवर मी बार्शीला परतले होते आणि एचआरमधून दुरुस्त प्रत यायला पाच आठवडे लागले. कॉलेजची जमा करायची तारीख त्याआधी होती, म्हणून मॅडमच्या मेलवर काम भागवावं लागलं. गेटपास आणि हेल्मेट परत केल्याची पावतीही त्याच वेळी घ्या, तिच्याशिवाय आमच्याकडे शेवटच्या महिन्याचं मानधन निघत नव्हतं.